गोधडीचा ब्लॉक

परवा फोनवर तू म्हणालास, "आजी, मी सध्या सिम्युलेशन मॉडेलचे इक्वेशन ब्लॉक लिहायला शिकतोय. तुला सांगितलं असतं, पण फार टेक्निकल आहे." मी म्हटलं, "बरं." मागे तुझी धाकटी बहीण हसल्याचं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर मी कपाटातला पत्र्याचा डबा काढला, त्यातली एक वस्तू जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि लिहायला बसले. तुमची आई म्हणते की तुम्हाला मराठी वाचता येतं, फक्त वेळ लागतो. तर सावकाश वाचा. मीही क्रमानेच सांगणार आहे.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आम्ही कासारवाडीला राहत होतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्यांत. तुमचे आजोबा, त्यांची आई आणि मी. तुमची आई अजून यायची होती. आजोबा चिंचवडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते आणि मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. आमच्या कारखान्यात ट्रकच्या स्प्रिंगा आणि ड्रायव्हरच्या सीटा तयार होत. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, पण नोकरी मिळाली ती ट्रेसिंगची. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं, एवढंच काम. अक्षर चांगलं, हात स्थिर, म्हणून माझं कौतुकही व्हायचं. पण दुसऱ्याने सोडवलेलं गणित दिवसभर गिरवत बसायचं म्हणजे काय, ते गणित आवडणाऱ्यालाच कळेल.

ट्रेसिंगचं स्टूल उंच आणि टणक होतं. पहिल्याच आठवड्यात मी घरून एक उशी नेली. सासूबाईंनी तिला जुन्या साडीचा अभ्रा शिवून दिला होता, हिरव्या काठांचा.

वरच्या मजल्यावर एक छोटी खोली होती. तिला सगळे नुसतं 'कॅल्क्युलेशन' म्हणत. तिथे आमचे साहेब आणि दोन इंजिनिअर बसायचे. त्यातला एक परदेशी निघून गेला आणि खुर्ची रिकामी झाली. ही बातमी समजली त्या दिवशी मी डबा खायच्या सुट्टीत वर गेले आणि साहेबांना म्हटलं, "मला गणित येतं. मला एकदा बसवून बघा."

साहेब पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. म्हणाले, "दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. जमलं तर राहा. नाही जमलं तर खाली परत. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजातून कुणीतरी घेऊ."

खाली येऊन मी सामान आवरायला लागले. आमचे हेड ट्रेसर शाईच्या बाटलीचं बूच लावत म्हणाले, "जा, जा. पण उशी इथंच राहू द्या, बाई. संक्रांतीला लागेलच."

सगळे हसले. मीही हसले. उशी तिथेच ठेवली, कारण काखेत उशी घेऊन जिना चढणं बरं दिसलं नसतं.

आता ब्लॉक म्हणजे काय ते तुला सांगायची गरज नाही, पण धाकटीसाठी सांगते. खड्ड्यातून ट्रक गेला की धक्का चाकातून आसाला, आसातून चासीला, चासीतून केबिनला, केबिनमधून सीटला आणि सीटमधून ड्रायव्हरच्या पाठीला पोचतो. प्रत्येक ठिकाणी तो किती उरला, हे आम्हाला नवी सीट बनवायच्या आधी कागदावर काढायचं होतं. साहेबांनी पहिल्या दिवशी एका कागदावर एकावर एक पाच चौकोन काढले. सगळ्यात खाली आस, सगळ्यात वर माणूस. चौकोनांच्या मध्ये स्प्रिंगच्या नागमोडी रेघा.

"हा एकेक चौकोन म्हणजे एक ब्लॉक," ते म्हणाले. "त्याची समीकरणं त्याच्याजवळ. त्याला फक्त वरचा शेजारी आणि खालचा शेजारी माहीत. बाकी ट्रकमध्ये काय चाललंय त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाच ब्लॉक नीट लिहा, ट्रक आपोआप तयार होतो."

एवढं सोपं वाटलं की मी घरी येऊन आजोबांना सांगितलं, "आठ दिवसांचं काम आहे."

कंप्युटर आमच्या कारखान्यात नव्हता. तो पुण्यात एका संस्थेत होता आणि आमच्या वाट्याला सोमवारी आणि शुक्रवारी थोडा थोडा वेळ यायचा. आम्ही चौकटी आखलेल्या कागदावर पेन्सिलीने, सगळी अक्षरं कॅपिटल, एका चौकटीत एक अक्षर असं लिहायचं. पंचिंगच्या मुली त्याची कार्डं भोकं पाडून तयार करायच्या. एका ओळीचं एक कार्ड. कार्डांचा गठ्ठा रबरबँड लावून कारखान्याच्या जीपमधून पुण्याला जायचा आणि संध्याकाळी उत्तरं छापलेला घडीचा कागद परत यायचा. म्हणजे सोमवारी एक स्वल्पविराम चुकला तर तो शुक्रवारी सुधारायचा. तुम्ही लोक चूक करता आणि पापणी लवायच्या आत दुरुस्त करता. आम्ही चुकीबरोबर चार दिवस राहायचो.

माझा पहिला कागद परत आला तेव्हा साहेबांनी तो टेबलावर पसरला. सुरुवातीला चार ओळी आकडे होते, आणि मग पानभर नुसत्या चांदण्या. आकडा त्याच्या जागेत मावेनासा झाला की यंत्र तिथे चांदण्या छापायचं.

"बाई, तुमचा ट्रक भोसरीहून निघाला आणि पाच सेकंदांत चंद्र ओलांडून गेला."

दुसरा इंजिनिअर, जो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता, टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मी तो गठ्ठा घेऊन दिवसभर एकेक कार्ड पाहिलं. चूक एका चिन्हाची होती. शॉक ॲब्सॉर्बरचं बल उणे लिहायच्या जागी अधिक लिहिलं होतं. ट्रक वर उसळला की त्याला आवरायच्या ऐवजी माझा शॉक ॲब्सॉर्बर त्याला आणखी वर ढकलत होता.

दुसरी चूक जास्त खोल होती. मी केबिनच्या ब्लॉकमध्ये सीटच्या स्प्रिंगचं बल घेतलं, पण सीटच्या ब्लॉकमध्ये तेच बल उलट दिशेने घ्यायचं विसरले. साहेब म्हणाले, "स्प्रिंग दोघांच्या मध्ये आहे. ती एकाला जेवढी दाबते तेवढंच दुसऱ्याला. एका घरातून निघालेलं दुसऱ्या घरात पोचलं पाहिजे." त्या दिवसापासून मी प्रत्येक बल दोन्ही घरांत लिहिल्यावर कच्च्या कागदावर खूण करायला लागले. यंत्र समीकरणांचा क्रम आपला आपण लावून घेतं, कशीही लिहिली तरी चालतात, असं आम्ही वापरायचो त्या प्रणालीच्या पुस्तकात इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं. तरीही मी आसापासून माणसापर्यंत क्रमानेच लिहीत असे. यंत्राला लागत नसला तरी मला क्रम लागत होता.

आणि साहेबांचा एक नियम होता. तो मी नंतर जन्मभर पाळला, अगदी लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा. ब्लॉकमध्ये एखादा आकडा लिहिला की त्याच्या आधी एक कार्ड घालायचं, यंत्राने न वाचायचं, माणसाने वाचायचं. त्यावर लिहायचं, हा आकडा कुठून आला. कुणी मोजला, कशावर मोजला.

"ज्या आकड्याला आईबाप नाहीत," साहेब म्हणत, "तो माझ्या ट्रकमध्ये बसणार नाही."

दिवाळीनंतर माझे पाच ब्लॉक चालू लागले. चांदण्या गेल्या, आकडे आले. मग ते आकडे खऱ्या ट्रकशी ताडून पाहायची वेळ आली. आमच्याकडे चाचणीचा एक जुना ट्रक होता. तो भोसरीहून चाकणच्या दिशेने नेऊन एका कच्च्या रस्त्यावरून ठरलेल्या वेगाने चालवायचे. चाकण तेव्हा कांद्याच्या बाजाराचं गाव होतं, आणि त्या बाजूचे रस्ते चाचणीसाठी देवाने मुद्दाम बनवल्यासारखे होते. ट्रकच्या आसाला, केबिनच्या तळाला आणि ड्रायव्हरच्या कमरेच्या पट्ट्याला कंपन मोजायची साधनं बांधत. त्यांची नागमोडी रेघ कागदाच्या पट्टीवर उमटायची. त्या पट्ट्या पावसाळ्यातच काढून ठेवलेल्या होत्या.

मी फूटपट्टी घेऊन बसले. आसाची रेघ आणि माझे आकडे जुळले. केबिनचे जुळले. सीटवरच्या माणसाचे जुळले नाहीत. माझ्या मॉडेलमधला माणूस खऱ्या ड्रायव्हरच्या जवळजवळ दुप्पट हादरत होता.

मार्गशीर्ष सगळा त्यात गेला. मी शेवटचे दोन ब्लॉक तीनदा नव्याने लिहिले. चिन्हं पाहिली, बलं पाहिली, दोन्ही घरांतल्या खुणा पाहिल्या. चूक नव्हती. दर सोमवारी आणि शुक्रवारी तोच माणूस तसाच हादरत परत यायचा. जिन्यात हेड ट्रेसर भेटले की विचारायचे, "काय बाई, संक्रांत कधी आहे यंदा?"

संक्रांत दोन आठवड्यांवर आली तेव्हा दुसरा इंजिनिअर माझ्या टेबलाशी आला. तो वाईट नव्हता, उलट त्याला माझी काळजी वाटत होती.

"ताई, एवढं काय करताय? सीटचा डँपिंगचा आकडा तिप्पट करा. जुळेल." डँपिंग म्हणजे सीट धक्का किती मुरवते ते.

"पण सीट मोजलीय. आपल्याच लॅबमध्ये मोजलीय."

"मोजताना चुकली असेल. कोण बघायला येतंय?"

मी शुक्रवारी तिप्पट आकडा घालून गठ्ठा पाठवला. संध्याकाळी कागद आला. रेघ रेघेवर बसली. इतकी सुंदर बसली की ट्रेसिंग केल्यासारखी वाटावी.

तो कागद मी खणात ठेवला. आता एकच काम उरलं होतं, त्या आकड्याच्या आधीचं कार्ड लिहायचं. मी चौकटींचा कागद पुढे ओढला, पेन्सिलीला टोक काढलं आणि बसून राहिले. काय लिहू? कुणी मोजला? कुणी नाही. कशावर मोजला? कशावरच नाही. मला खुर्ची हवी होती म्हणून हा आकडा जन्माला आला होता. शनिवार दुपारपर्यंत ती ओळ कोरी राहिली. शेवटी मी कागद उलटा ठेवला आणि साहेबांकडे गेले.

"मला ट्रकमध्ये बसायचंय."

"कशाला?"

"मी तीन महिने ट्रकची समीकरणं लिहितेय आणि ट्रकमध्ये कधी बसले नाही."

आमच्या कारखान्यात ऑफिसातल्या बायका चाचणीच्या आवारात जात नसत. तसा काही लेखी नियम नव्हता, पण कुणी जात नसे. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कंपनाचा रेकॉर्डर दुरुस्तीला मुंबईला गेलाय. मोजता काही येणार नाही."

"मोजायचं नाही. नुसतं बसायचंय."

सोमवारी सकाळी चाचणीचे ड्रायव्हर आवारात उभे होते. त्यांना सगळे मामा म्हणत. भोसरीतल्याच जुन्या घरातले, पांढरी टोपी, मिशा करड्या. माझ्याकडे आणि माझ्या साडीकडे पाहून म्हणाले, "ताई, तुमी बसनार? पायरी उच्ची हाय बरं का."

"चढते मी."

"चढाल वो. उतरताना बगू."

चाकणच्या वाटेने ट्रक निघाला. डांबरी रस्त्यावर काही वाटलं नाही. मग मामांनी कच्च्या रस्त्याला वळवलं, आणि माझ्या पाचही ब्लॉकांनी मला एकदम ओळख दिली. बाजूची सीटही आमच्याच कारखान्याची होती, ड्रायव्हरच्या सीटसारखीच. दात वाजत होते. पाठीचा मणका न् मणका वेगळा कळत होता. मनात आलं, माझं मॉडेल खोटं कुठे सांगतंय? मी त्यात लिहिलाय तसाच माणूस इथे हादरतोय. आणि शेजारी मामा एका हाताने स्टिअरिंग धरून देवळाच्या पारावर बसल्यासारखे शांत.

"मामा, तुम्हाला काही होत नाही?"

मामा हसले. ट्रक कडेला उभा केला. मग जरा उठून त्यांनी आपल्या खालून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. आठपदरी घडी घातलेली गोधडी. वर लाल, आत कसल्या कसल्या रंगांच्या चिंध्या, चारी बाजूंनी धावदोरा.

"ही घ्या खाली. हिच्याबिगर न्हाई जमायचं तुमास्नी."

मी ती खाली घेतली. पुढचे दोन मैल मी शांत बसले होते, आणि मामा दर खड्ड्याला "आयाया" करत होते.

मी विचारलं, "मामा, पावसाळ्यात तुमच्या कमरेला पट्टा बांधून मोजलं होतं, त्या दिवशी ही होती?"

"व्हय. असती की रोज."

"मोजणाऱ्यांनी काढायला सांगितली नाही?"

"ती कशापायी काढायची?" मामांना प्रश्नच कळेना. "ताई, गोधडीबिगर ट्रक कोन चालवतंय? मोजनारं सोता मागं घोंगडी घिऊन बसलं हुतं."

चाचणीच्या अहवालात ड्रायव्हरचं वजन होतं, सीटचा क्रमांक होता, टायरमधली हवा होती. गोधडी नव्हती. कुणी लपवली नव्हती. ती कुणाला दिसलीच नव्हती, कारण ती सगळ्यांच्या खाली होती.

परत आल्यावर मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चाचणीचा अहवाल पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाले, "रेकॉर्डर संक्रांतीच्या आत येत नाही. गोधडी काढून पुन्हा मोजता येणार नाही. तुमच्याकडे नुसती हकीकत आहे."

"मग मी गोधडीचा ब्लॉक लिहिते."

"आकडे?"

"मोजते."

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मामांची गोधडी त्यांच्या रोजच्या कामाची, ती मागणं बरोबर वाटेना. पण आमच्या घरी सासूबाईंनी शिवलेल्या तीन होत्या, आणि त्यातली एक मामांच्या गोधडीची सख्खी बहीण शोभली असती. शेजारच्या वाण्याकडे मी वीस किलोची दोन आणि दहा किलोची दोन वजनं मागितली. तो म्हणाला, "दुपारी एक ते चार दुकान बंद असतं वहिनी, तेवढ्यात आणून द्या. आणि एवढं काय तोलताय?"

"गोधडी," मी म्हटलं.

आजोबांची तेव्हा दुसरी शिफ्ट होती. जाण्याआधी त्यांनी वजनं वर आणून दिली. मी गोधडी आठपदरी करून फरशीवर ठेवली, वर जेवायला बसायचा पाट ठेवला आणि चारी कोपऱ्यांत फूटपट्टीने उंची मोजली. मग दहा किलो, वीस, चाळीस, साठ. दर वेळी चार कोपरे, चार आकडे, वहीत. मग उलट्या क्रमाने वजनं उतरवत पुन्हा तेच.

सासूबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. "काय गं, माझी गोधडी नापास करणार आहेस का?"

"नाही हो आई. तिची परीक्षा नाही, माझी आहे."

"मग तिच्या छातीवर कशाला बसवतेस एवढं लोखंड?" थोड्या वेळाने सूप बाजूला ठेवून त्या जवळ आल्या. "दोरा बघितलास का? एवढ्या जवळ टाके घातले की गोधडी दबते, पण लगेच उसळत नाही. लांब टाके घातले तर भसाभसा फुगते. तान्ह्या बाळाची वेगळी शिवायची असते, म्हाताऱ्याची वेगळी."

त्या हे म्हणाल्या तेव्हा वही माझ्या मांडीवर होती, आणि वहीत तेच लिहिलं होतं. चढताना वीस किलोला गोधडी जेवढी जाड होती, त्यापेक्षा उतरताना त्याच वीस किलोला ती पातळ होती. दाबलेलं सगळं ती परत देत नव्हती. उरलेला धक्का ती आपल्या पदरांत मुरवून टाकत होती. मला हवं असलेलं डँपिंग कुठे गेलं होतं ते मला सापडलं. सासूबाईंना ते चाळीस वर्षं माहीत होतं, फक्त त्यांनी त्याला आकडा दिला नव्हता.

चारच्या आत वजनं वाण्याकडे पोचवली. माझी कंबर मात्र दोन दिवस दुखत होती.

शुक्रवारी सहावा ब्लॉक सीट आणि माणूस यांच्या मध्ये बसवून गठ्ठा पुण्याला गेला. सीटचा आकडा पुन्हा लॅबने मोजलेला, मूळचा. तिप्पट आकड्याचं कार्ड मी फाडून टाकलं. संध्याकाळी कागद आला. रेघ रेघेवर बसली नव्हती. पण जवळ होती, अगदी जवळ, आणि चढउतार जिथे खऱ्या पट्टीवर होते तिथेच होते. मागच्या शुक्रवारी ती तंतोतंत बसली होती. तो कागद अजून खणात होता.

शनिवारी साहेबांनी गठ्ठा मागवला. दुसरा इंजिनिअर आपल्या टेबलावर काम करण्याचं नाटक करत होता. आलेख मी पुढे ठेवला, पण साहेबांनी तो पाहिलाच नाही. त्यांनी रबरबँड काढला आणि कार्डं एकेक करून वाचायला लागले, फक्त ती, जी यंत्र वाचत नाही. आस. चासी. केबिन. सीट. मग थांबले. ते कार्ड माझ्याकडे आजही त्या पत्र्याच्या डब्यात आहे. त्यावर इंग्रजी कॅपिटलमध्ये छापलंय, गोधडी, आठ पदर, घरी मोजली, पाट व वाण्याची वजनं, साठ किलोपर्यंत, चढताना व उतरताना.

"हिचे आईबाप कोण?" साहेबांनी विचारलं.

"सासूबाई."

साहेबांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी आलेख घेतला, दोन रेघांमधल्या फटीवर बोट ठेवलं. "एवढा फरक का?"

"ही मामांची गोधडी नाही. तिची बहीण आहे."

"दुरुस्त का नाही केलात?"

मी खणातून तो दुसरा कागद काढला, तंतोतंत जुळणारा, आणि त्यांच्यापुढे ठेवला. "हा जुळतो. पण याचं कार्ड मला लिहिता आलं नाही."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी न जुळणारा कागद फाइलला लावला आणि जुळणारा घडी करून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. "रेकॉर्डर आला की मामांना गोधडी काढून बसवायचं," ते म्हणाले. "तो दिवस तुम्हीच ठरवा. आणि मामांना तुम्हीच सांगा, माझं ते ऐकणार नाहीत."

मला राहायचं की जायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रेकॉर्डर यायला महिना होता, आणि तो दिवस मी ठरवायचा होता. तरी घरी जाईपर्यंत ते वाक्य मी चार वेळा उलटून पाहिलं.

मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एकडाव. फकस्त तुमच्यापायी." फाल्गुनात त्यांनी ते केलं, आणि मूळच्या पाच ब्लॉकांमधला माणूस आणि मामा सारखेच हादरले. नवी सीट झाली तेव्हा साहेबांनी तिचे आकडे दोनदा काढायला लावले, एकदा गोधडीशिवाय आणि एकदा गोधडीसकट. मामांनी नव्या सीटवर बसून पाहिलं, चांगली आहे म्हणाले, आणि गोधडी घालून चालवायला लागले.

पण त्या शनिवारनंतरचं सांगायचं राहिलं. रविवार गेला, सोमवारी संक्रांत होती. मी तिळगूळ घेऊन सकाळी वर गेले. अजून डबा उघडला नव्हता तोच जिन्यावर पावलं वाजली. ट्रेसिंगचे शिपाईकाका होते. त्यांच्या काखेत हिरव्या काठांची माझी उशी.

"हेडसाहेबांनी दिलीय," ते म्हणाले. "म्हणाले, बाईंना खाली आता लागायची नाही. आणि तिळगूळ पाठवा म्हणाले."

मी त्यांच्या हातावर दोन लाडू ठेवले, एक त्यांचा आणि एक हेड ट्रेसरांचा. वरच्या खुर्चीला चांगली जाड गादी होती. तरी उशी मी तिच्यावर ठेवली, वर बसले, आणि मग माझं मलाच हसू आलं. तीन वर्षं मी त्या स्टुलावर बसले होते, पण कुणी विचारलं असतं की तुझ्याखाली काय आहे, तर मी सांगितलं असतं, स्टूल.